ज्योतीरामचं पाच खणी माळवद

ज्योतीराम माळवदकर असा कुणी माणूस कारखान्याच्या हजेरीपटावर शोधायला गेलात, तर जन्मात सापडायचा नाही. माळवदकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. ते त्याला चिंचवड स्टेशनवर, तिकिटाच्या खिडकीपुढं, भर दुपारी सात माणसांच्या साक्षीनं मिळालं, आणि मिळालं ते निव्वळ स्वतःच्या जिभेच्या जोरावर. पुढं म्हातारपणी ओट्यावर बसून तो ही हकीकत सांगायचा तेव्हा सुरुवात ठरलेली असायची. "माझ्याइतका गाढव माणूस या पिंपरीत आला न्हाई," तो म्हणायचा, "आन् आला आसंल, तर त्यानं मला तोंड दाखवलं न्हाई."

सत्तावन्न सालातली गोष्ट. ज्योतीराम मूळचा करमाळ्याकडचा. पिंपरीत एका यंत्रांच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात, लाकडी खोकी ठोकायच्या कामाला होता. यंत्र तयार झालं की त्याच्या मापाच्या फळ्या कापायच्या आणि चारी बाजूंनी असं खोकं ठोकायचं, की यंत्र मुंबईला जावो नाहीतर मद्रासला, आत हलता कामा नये. हात चांगला होता त्याचा, कबूल केलं पाहिजे. "यंत्राला मी घर बांधून देतो," असं तो छाती काढून सांगायचा. स्वतःला मात्र घर नव्हतं. पिंपरीत नव्हतं आणि गावाकडंही नव्हतं. पण गावाकडचं कुणाला माहीत नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये याची काळजी ज्योतीरामनं जिवापाड घेतली होती.

राहायला तो गेनबाच्या पत्र्याच्या खोलीत. गेनबा पिंपरीतलाच शेतकरी. कारखाने आले, माणसं आली, तेव्हा त्यानं जनावरांच्या गोठ्यावर पत्रे घातले, बैल बाहेर बांधले आणि आत माणसं बांधली. खोलीत आठजण. चटया पाच, कारण तिघं कायम पाळीवर असायचे. सातारकडचा अर्जुनराव सगळ्यांत वडील, मिशाळ आणि तापट. जुन्नरकडचा चिमाजी सगळ्यांत शंकेखोर. बाकीचे नगर, बीड, असे कुठून कुठून आलेले. संध्याकाळी भाकरी झाली की बोलणं एकच, ज्याच्या त्याच्या घराचं.

आणि घर म्हणजे काय, तर खण. दोन तुळयांच्या मधली जागा तो एक खण. सोयरीक जुळवायची असो, उसनी बैलजोडी मागायची असो, नाहीतर नुसती ओळख करून घ्यायची असो, पहिला प्रश्न तोच. किती खणाचं घर? ज्योतीराम खोलीत आला त्या पहिल्याच दिवशी अर्जुनरावानं चुलीत फुंकर मारता मारता विचारलं, "काय पाव्हणं, किती खण?"

"तीन," ज्योतीराम म्हणाला.

एवढंच बोलून जीभ आवरली असती तर निभावलं असतं. पण आठवड्यानं बीडच्या गड्यानं चार खण सांगितले. झालं! ज्योतीरामचे रातोरात पाच झाले. मग नुसते खण कुठले पुरतात, वर माळवद आलं. जाडजूड सागवानी तुळयांवर चिखलमातीचं सपाट छत, उन्हाळ्यात वर अंथरूण टाकलं की वारा असा गार, की पहाटे घोंगडी ओढावी लागते. मग भिंतीत देवळ्या आल्या. मग सोप्यात झोपाळा आला, पितळी कड्यांचा. ज्योतीराम सांगायचाही असा, की पत्र्याखाली घामानं निथळणारे सात गडी डोळे मिटून त्या माळवदावर जाऊन निजायचे. अर्जुनराव तर मे महिन्यात हक्कानं म्हणायचा, "ज्योतीराम, ते वाऱ्याचं सांग रं जरा."

खरं घर कसलं होतं? उसाच्या पाचटानं शाकारलेलं एक छप्पर. खण मोजायचाच तर एक, आणि तोही वाकून आत शिरलात तर. तीन वर्षांमागं उन्हाळ्यात शेजारच्या चुलीतली ठिणगी वाऱ्यानं उडाली आणि भाकरी भाजून व्हायच्या आत सगळं खाक झालं. ज्योतीराम त्या दिवशी साखर कारखान्यावर मजुरीला गेलेला. बायको कौशल्या दोन पोरींना घेऊन बाहेर पडली, थोरली शालन हाताला धरून, धाकटी छबू काखेत. बाकी काही म्हणजे काही वाचलं नाही.

मग कौशल्या पोरींसकट जेऊरजवळ भावाकडं गेली आणि ज्योतीराम कामाच्या मागं. एका ठिकाणी टिकेल तर शपथ! पोरगी आजारी म्हणून निरोप आला की हा काम सोडून पळायचा, परत येईतो जागेवर दुसरा लागलेला. असं दोनदा झालं. पिंपरीतलं हे तिसरं.

कौशल्येचा भाऊ भिमाजी माणूस भला होता. त्याची बायको सगुणाबाई वाईट होती असंही नाही. पण दुसऱ्याच्या घरातली बाई शेवटी दुसऱ्याच्या घरात असते. संक्रांतीला ज्योतीराम तिकडं गेला तेव्हा पाहुणा म्हणून पाटावर बसला, गूळपोळी खाल्ली आणि मेव्हण्याला कारखान्याच्या बढाया ऐकवल्या. पाच वर्षांची छबू खेळून आली, माठापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामी, पाणी घिऊ?" आतून "घे" आलं तेव्हा तिनं पेला उचलला. ज्योतीरामला काय कौतुक! तो कौशल्येला म्हणाला, "वळण मातूर झकास लावलंस हं पोरींना. इचारल्याबिगर पाणीबी घेत न्हाईत."

कौशल्येनं नुसतं त्याच्याकडं बघितलं, आणि भांडी उचलून आत गेली. 'मला वाटलं लाजली,' असं ज्योतीराम पुढं सांगायचा, आणि स्वतःच्याच गालावर चापट मारून घ्यायचा.

फाल्गुनात तिचं पत्र आलं, गावच्या मास्तराच्या हातचं. भाच्याचं लग्न वैशाखात धरलंय. नवी नवरी घरात आली की आपण निजतो ती खोली तिला द्यावी लागणार. भाऊ तोंडानं म्हणत नाही, पण मी समजून आहे. लग्नाच्या आत आम्हाला कुठं न्यायचं ते बघा. न्यायला जागा नसेल तर तसं कळवा, म्हणजे मी ऊसतोडीच्या टोळीबरोबर पाचटाच्या कोपीत राहीन, पोरींना घेऊन.

ते पत्र ज्योतीरामनं चिमाजीकडून वाचून घेतलं नाही. चिमाजीला वाचता यायचं, पण मग पाच खणांचं काय? त्यानं दुपारच्या सुट्टीत टाइम ऑफिसातल्या लक्ष्मणरावांना गाठलं. लक्ष्मणराव म्हणजे हजेरीचे कारकून. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि कामगारांचे सगळे कागद त्यांच्याच हातून जायचे. पत्र वाचून त्यांनी घडी घातली. "नशीब म्हण," ते म्हणाले. "सरकारनं कामगारांसाठी सडकेपलीकडं खोल्या बांधल्यात. बांधायचा बराचसा भार सरकारनं उचललाय, म्हणून भाडं तुझ्या पगारात बसेल असं. सोमवारपासून अर्ज भरायचेत. ये."

आता ऐका या शहाण्याचं शहाणपण.

सोमवारी रांग लागली ती फाटकापर्यंत. लक्ष्मणराव विचारायचे, माणूस सांगायचा, आणि ते फॉर्मवर लिहायचे. ज्योतीरामच्या मागं अर्जुनराव, त्याच्या मागं चिमाजी, त्यांच्या मागं खात्यातले दहाबारा. नाव झालं, वय झालं. मग लक्ष्मणरावांनी चष्म्यावरनं बघत विचारलं, "मूळ गावी स्वतःचं घर आहे का? कसलं?"

पत्र लक्ष्मणरावांनी वाचलं होतं खरं, पण त्यात छपराचा, जळिताचा उल्लेख नव्हता. ज्योतीरामनं मागं वळून बघितलं. अर्जुनराव मिशीला पीळ देत उभा. आणि ज्योतीरामच्या डोक्यात एक हिशेब होता. सरकार खोली देणार ती कुणाला? चार लोकांत वजन असलेल्या, घरंदाज माणसाला. बिनघराच्या भणंगाला दारात कोण उभं करतं? सोयरीक जुळवताना जे चालतं तेच सरकारपुढं चालणार, असा त्याचा ठाम समज.

"पाच खणी," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "माळवदी. तुळया सागवानी."

"झोपाळा सांग की!" मागनं अर्जुनराव म्हणाला.

"झोपाळा लिहायला जागा नाही," लक्ष्मणराव म्हणाले आणि त्यांनी अंगठ्याचा ठसा घेतला.

पंधरा दिवसांनी यादी लागली. खोल्या अठ्ठेचाळीस. ज्योतीरामचं नाव दोनशे अकरावं. चिमाजीनं यादी वाचली तेव्हा ज्योतीरामला वाटलं, पोरानं आकडा चुकीचा वाचला. तो थेट लक्ष्मणरावांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला.

"अरे, पहिला मान कुणाला, तर ज्याला कुठंच घर नाही आणि ज्याची बायकापोरं दुसऱ्याच्या आश्रयाला आहेत त्याला," लक्ष्मणराव म्हणाले. "तुला सागवानी तुळया आहेत. तुला कशाला लागते खोली? बायकोला ने की तिकडं."

ज्योतीराम टेबलावर वाकला. इकडं तिकडं बघून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "साहेब, घर न्हाई."

"म्हणजे?"

"न्हाईच. एक खण बी न्हाई."

लक्ष्मणरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि समोरचा माणूस तोच आहे याची खात्री करून घेतली. मग कपाळाला हात लावला. "हरकतीला अजून दहा दिवस आहेत," ते शेवटी म्हणाले. "पण नुसतं तू म्हणून भागणार नाही. तुझ्यासोबतच्या दोन कामगारांना खोल्या वाटणाऱ्या समितीपुढं सांगावं लागेल, की याला घर नाही, आम्हाला ठाऊक आहे. आण दोघं."

ठाऊक आहे! अहो, ठाऊक होतं कुणाला? पिंपरीतला प्रत्येक ओळखीचा माणूस त्या माळवदावर गार वाऱ्यात झोपून आलेला. आता त्यांच्यापुढं जाऊन सांगायचं, की मी थापाड्या आहे? त्यापेक्षा ज्योतीरामनं जो मार्ग काढला तो ऐकून तुम्हीच ठरवा, देवानं त्याला डोकं कशासाठी दिलं होतं. त्यानं ठरवलं, माळवद जाळून टाकायचं. घर होतं, आता नाही. अब्रूही राहते आणि साक्षीदारही मिळतात.

संध्याकाळी तो तोंड पाडून खोलीत शिरला. "गावाकडनं सांगावा आला," तो म्हणाला. "घर जळालं माझं. बायकापोरं तेवढी वाचली."

सगळे चुलीपासून उठून त्याच्याभोवती जमले. मग चिमाजी, तो शंकेखोर, म्हणाला, "माळवद कसं जळंल? वर माती आसती की."

"तुळया लाकडाच्या आसत्यात ना, मुडद्या!" अर्जुनराव त्याच्यावर खेकसला. "गड्याचं घर गेलं आन् तू वकिली करतोस व्हय?" आणि ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवून तो धीर द्यायला लागला. "पाचही खण?" त्यानं विचारलं.

"पाचही."

"झोपाळा?"

ज्योतीरामनं खाली मान घातली. अर्जुनरावानं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले. त्या दिवशी आठांतल्या एकानंही धड भाकरी खाल्ली नाही. ज्या घराची एक वीट कधी रचली नव्हती त्याचं सुतक सात धडधाकट माणसांनी पाळलं, आणि मालक मात्र मनात म्हणत होता, जमलं!

जमलं कुठलं! दुसऱ्या दिवशी कामावरनं येतो तो दारात सहा फावडी, दोन कुऱ्हाडी, घमेल्यांची चळत आणि नव्या सुतळीचं भेंडोळं. गेनबा बैल सोडून हातभार लावायला उभा. अर्जुनराव कमरेवर हात ठेवून म्हणाला, "समदं ठरलंय. शनवारी दुपारी पाळी सुटली की निघायचं. ज्यांची रातपाळी हाय त्यांनी बदलून घेतलीय. आठ माणसं हाय आपण. एका दिवसात दोन खण तरी उभं करतो का न्हाई बघ. तुळयांची तेवढी मातूर तिकडं गेल्यावर बघू."

गावाकडं रीतच ती. कुणाचं घर पडलं, जळालं, तर भावकी आणि शेजारी फावडी घेऊन येतात, बोलवावं लागत नाही. इथं भावकी नव्हती, म्हणून खोलीनं ते काम अंगावर घेतलं. ज्योतीराम त्यांना परतवायला लागला. "कशाला तरास," तो म्हणाला. "पुढं बघू," तो म्हणाला. "उन्हाचं कुठं जाताय," असंही म्हणून बघितलं. जितकं नको म्हणावं तितकं अर्जुनरावाला भरून येई. "भिडस्त हाय बिचारा," तो बाकीच्यांना सांगे.

शनिवार उजाडला. आठजण खांद्यावर फावडी टाकून चिंचवड स्टेशनाकडं निघाले. ज्योतीराम मधोमध, फाशी द्यायला चालवल्यासारखा. त्याला आशा होती, वाटेत कुणाचा तरी विचार फिरेल. कुणाचाच फिरला नाही. गाडी चुकेल म्हणावं, तर ती वेळेवर होती. अर्जुनराव खिडकीत वाकला आणि म्हणाला, "जेऊर. आठ."

"काढू नगा!" ज्योतीराम ओरडला. असा ओरडला, की आतला बाबू दचकला. "तिकिटं काढू नगा. घर न्हाई तिथं."

"म्हाईत हाय रं. जळालं ना."

"जळालं न्हाई. म्हंजी जळालं, पर ते न्हवं. ते नव्हतंच."

अर्जुनराव हळूच खिडकीपासून वळला. "काय नव्हतं?"

"माळवद."

"आन् देवळ्या?"

"न्हाई."

"ते उन्हाळ्यातलं वारं?"

"ते मामाच्या घराचं. ल्हानपणी एकदा निजलो हुतो."

"झोपाळ्याच्या पितळी कड्या?" हे विचारताना अर्जुनरावाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"त्या कुठं बघितल्या तेबी आठवत न्हाई, अर्जुनराव."

फावडं खाली टाकून अर्जुनराव फलाटावर मटकन बसला. गाडी आली, थांबली, निघून गेली. कुणी हललं नाही. शेवटी चिमाजीनं विचारलं, "मग जळालं ते काय?"

आणि मग ज्योतीरामनं सांगितलं. पिंपरीत आल्यापासून पहिल्यांदा, एकही खण न वाढवता. पाचटाचं छप्पर, ठिणगी, काखेतली छबू. कौशल्येला जळक्या राखेत आठवडाभर पोरींचे चांदीचे वाळे शोधत बसलेली बघितलं, ते सांगितलं. पत्रातलं सगळं सांगितलं. लग्न, ती खोली, ती कोपी. सांगताना तो कुणाकडं बघत नव्हता, रुळांकडं बघत होता.

अर्जुनरावाचा चेहरा लालबुंद झाला. तो उठला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा फावड्यानंच हाणतो. "आरं गाढवा," तो गरजला, "रांगेत मी तुझ्या पाठीला लागून हुबा हुतो! माझ्या कानात सांगितलं आसतंस तर मी वरडून सांगितलं आसतं, की लिवा साहेब, याला घर न्हाई, आदी याला द्या! आन् मी काय वरडलो? झोपाळा सांग की!" एवढं बोलला आणि त्याला स्वतःच्याच बोलण्याचं हसू फुटलं. मग चिमाजी हसला. मग सगळे. आतला तिकीटबाबूसुद्धा, काही कळलं नसताना. आणि फावडी उचलून परतताना चिमाजी म्हणाला, "चला, माळवदकर." ते नाव जे चिकटलं ते शेवटपर्यंत.

समिती बसली ती गुरुवारी, कारखान्याच्या कँटीनमध्ये. एक सरकारी साहेब आणि त्यांच्याशेजारी सुमनताई. या पुण्याच्या. वसाहतीसाठी कामगारांच्या घरोघर फिरून माहिती गोळा करणाऱ्या. खादीचं पातळ, पायात धुळीनं माखलेल्या चपला. साहेबांनी जुना फॉर्म वाचला, नवा वाचला आणि विचारलं, "यातलं खरं कुठलं?"

अर्जुनराव पुढं झाला. "साहेब, याला घर न्हाई हे मी छातीवर हात ठिवून सांगतो. दोन उन्हाळं मी त्या घराच्या माळवदावर निजलोय, तरीबी सांगतो, न्हाई."

साहेबांना काही उमगेना. चिमाजीनं मग सगळं नीट उलगडून सांगितलं, स्टेशनसकट. साहेब मिशीत हसले, पण सुमनताई हसल्या नाहीत. त्यांनी ज्योतीरामला विचारलं, "घर नाही हे सांगायला इतकं अवघड का वाटलं?"

"बाई," तो म्हणाला, "आमच्याकडं माणसाला आदी घर इचारत्यात, मग नाव. घर न्हाई म्हणलं, तर नाव कुणी इचारत न्हाई."

सुमनताईंनी मान हलवली आणि पुढचाच प्रश्न केला. "मुली किती? शाळेत जातात का?"

"थोरली जात हुती. आता मामाच्या म्हशी राखती."

सुमनताईंनी ते लिहून घेतलं. दुसरी यादी लागली तीत ज्योतीरामचं नाव एकोणचाळिसावं होतं. खोली नंबर एकतीस. अट एकच, महिन्याच्या आत बायकामुलांना आणून राहिलं पाहिजे. किल्ली देताना लक्ष्मणराव म्हणाले, "किती खणाची ते विचारू नकोस." ज्योतीरामला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि तो पडलाही. लक्ष्मणराव ओशाळून मागं सरकले, तर मागची शाई सांडली.

लग्नाला आठ दिवस असताना तो कौशल्येला आणि पोरींना घेऊन आला. सामान किती, तर एक ट्रंक, एक गाठोडं आणि मेव्हण्यानं दिलेली पायली ज्वारी. भिमाजी वेशीपर्यंत पोचवायला आला होता, डोळ्यांत पाणी आणून. सगुणाबाईनंही कौशल्येची ओटी भरली. कुणाशी वाकडं न होता बाहेर पडता आलं, याचं कौशल्येला केवढं समाधान होतं ते ती गाडीत बसल्यावर बोलली.

खोलीशी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. गेनबाच्या खोलीतली मंडळी आधीच येऊन गेलेली. जमीन धुतलेली, कोपऱ्यात मांडलेली चूल, आणि दाराशी तिवईवर नवा माठ, भरलेला, वर झाकण आणि पितळी पेला. अर्जुनरावानं कुठून तरी झोपाळ्याच्या दोन कड्या पैदा करून खिळ्याला टांगून ठेवल्या होत्या. चेष्टा म्हणून. झोपाळा टांगायला जागा नव्हतीच.

ज्योतीरामचं सुरू झालं. "ह्यो बघ नळ, चार बिऱ्हाडांत एक. ह्यो वटा. ही खिडकी, गज लोखंडी. थोरलीची शाळा पलीकडंच, सुमनताई नाव घालून देणार हायेत. आन् वर बघ..." वर बघितलं आणि तो थांबला. वर सलग सिमेंटचं छत. एक तुळई नाही. खण मोजणार कसा? त्यानं दोनदा निरखून बघितलं, मग स्वतःशीच हसला. बढाई मारायचीही सोय राहिली नव्हती.

कौशल्या गाठोडं सोडत होती. शालन खिडकीत चढून बसली होती. आणि छबू माठापाशी उभी होती. प्रवासानं तोंड सुकलेलं. पेल्याकडं बघत होती, दाराकडं बघत होती, पण हात पुढं करत नव्हती.

"काय गं?" ज्योतीराम म्हणाला.

"पाणी प्यायचंय, आबा."

"मग पी की."

छबूनं खोलीतनं एक नजर फिरवली. मग हळूच विचारलं, "हितली मामी कुठं हाय? कुणाला इचारू?"

ज्योतीरामला संक्रांतीचा पाट आठवला, गूळपोळी आठवली, आणि 'वळण झकास लावलंस' म्हणणारा स्वतःचा तो आवाज. त्यानं कौशल्येकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती, त्याच नजरेनं. तेव्हा ती लाजली नव्हती हे या गाढवाला आता कळलं. दोन वर्षं तो परक्या माणसांना माळवदावर निजवत होता, आणि त्याची पोरगी घोटभर पाण्यासाठी तोंडाकडं बघत उभी राहत होती.

तो तिच्यापुढं उकिडवा बसला. डोळे गळत होते, आणि पुसायचं सुचत नव्हतं. "कुणाला न्हाई इचारायचं," तो म्हणाला. "ह्यो तुझाच माठ हाय. कळलं का? तुझा."

छबूनं तरी एकदा आईकडं बघितलंच. कौशल्येनं मान हलवली. मग छबूनं स्वतःच्या हातानं झाकण काढलं, पेला बुडवला आणि प्याली. परत बुडवला, परत प्याली. त्या दिवशी ती लागोपाठ तीन पेले पाणी प्याली. तहान एवढी नव्हतीच.